म्हशीने नेलेला दोरा

त्या हिवाळ्यात थंडी किती होती ते एका गोष्टीवरून कळेल. मी तळ्याकाठी उभा होतो, कुणी हाक मारली म्हणून चार पावलं पुढे गेलो आणि मागे वळून पाहतो तर माझी सावली बर्फाला चिकटून जागच्या जागी. दुपारी ऊन लागल्यावर सुटली आणि रुसल्यासारखी माझ्यामागून आली. बरं, हे सोडून द्या हवं तर. पण पुढचं सोडू नका. पुढच्याचा पुरावा माझ्या पोटावर आहे आणि मागेल त्याला मी तो दाखवतो.

आम्ही रविवारी तळ्यावर रिमोटची विमानं उडवायचो. आम्ही म्हणजे माझी ताई, भावजी, दातांचे डॉक्टर आणि गॅरेजवाला. मी स्वतः उडवत नसे. थंडीत विमानाच्या बॅटरीतला जीव जातो. घरून गच्च भरून आणलेली बॅटरी हवेत मधेच मान टाकते. म्हणून सगळ्यांच्या बॅटऱ्या माझ्या स्वेटरात, पोटाला लावून ठेवलेल्या असत. पोट असं ऐसपैस की सगळ्या मावूनही शेजारी जागा उरे. मला शेगडी म्हणायचे. "शेगडी, माझी काढ रे," डॉक्टर म्हणाले की मी न बघता नेमकी त्यांची काढून देई, कोंबडीखालून अंडं काढावं तशी.

भावजी बसचे ड्रायव्हर होते. 'चालकाशी बोलू नये' ही पाटी डोक्यावर लावून त्यांनी सगळी नोकरी काढली आणि निवृत्त होताना पाटी उचकटून घरी आणली. तुंबलेलं बोलणं मात्र सगळं ताईच्या वाट्याला आलं. ताई शिवणकाम करणारी, बोटं अशी हलकी की तिच्या हातात रिमोट आला की विमान हवेत टाके घालत चाललंय असं वाटे. ती भावजींपेक्षा चांगलं उडवायची. हे भावजी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की त्याचं उजवं ते आपलं डावं होतं. उडवणाऱ्याने ते मनात उलटवायचं असतं. भावजींच्या हातांना हे जमायचं, जिभेला जमायचं नाही. ताई उडवत असली की ते मागून ओरडायचे, "डावं घे, अगं डावं!" आणि ताई मुकाट्याने उजवं घ्यायची. विमान सुखरूप उतरायचं आणि भावजी आमच्याकडे बघून म्हणायचे, "बघितलंत? सांगावं लागतं." ताईने कधी वाद घातला नाही. नवऱ्याचं बोलणं उलटं करून घ्यायची सवयच लागली होती तिला.

आमचा नियम एकच होता, तोही भावजींनीच केलेला. बर्फावर पडलेलं विमान बर्फ वितळेपर्यंत बर्फाचं. कुणीही आणायला जायचं नाही. गॅरेजवाल्याचं एक विमान आम्ही दोन महिने काठावरून नुसतं पाहत होतो. दर रविवारी तो त्याला लांबूनच नमस्कार करायचा.

त्या रविवारी पडली ती भावजींची चिमणी. अख्खा शरद ऋतू स्वयंपाकघरातलं टेबल अडवून त्यांनी ते इवलंसं विमान बनवलं होतं. पहिल्याच फेरीत ते ओढ्याच्या तोंडापाशी जाऊन बसलं, आणि ओढा मिळतो तिथला बर्फ वरून दगड असतो, खालून काच.

"हा काय, आलोच," भावजी म्हणाले.

"अहो, नियम!" ताई म्हणाली.

"नियम मीच केलाय ना? मग?"

असं म्हणून गेले. चिमणी उचलली, आमच्याकडे वळून हात वर केला आणि तेवढ्यात जाड कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज झाला. ताईने कपाळावर हात मारला नाही की किंचाळली नाही. कुणी आपलं कापड फाडलं की शिवणारी बाई वळून बघते, तशी ती नुसती बघत राहिली.

खोलीएवढा बर्फाचा तुकडा भावजींना घेऊन सुटला होता. वारा काठाकडून आत वाहत होता आणि तुकडा त्याच्याबरोबर हळूहळू तळ्याच्या मधोमध, उघड्या काळ्या पाण्याकडे निघाला होता. भावजी पालथे पडले होते. चिमणी मात्र छातीशी धरलेली.

डॉक्टरांनी अग्निशमन दलाला फोन केला. "रस्त्यावर बर्फ साचलाय, वाट काढत येतो," असं उत्तर आलं. वाट काढत म्हणजे किती वेळ, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. गॅरेजवाल्याच्या गाडीत जाड दोर होता, ट्रकची फुगवलेली ट्यूबही होती. ती भावजींपर्यंत पोचली तर तीत बसवून ओढून आणता आलं असतं. पण न्यायची कशी? डॉक्टरांना मासे धरायचा नाद, त्यांच्याकडे गळाच्या दोऱ्याचं भलंमोठं रीळ होतं. वजन बांधून फेकलं. अर्ध्या वाटेत डुबुक.

"विमानाला बांधू," डॉक्टर म्हणाले. "एकदा दोरा तिकडे गेला की त्याला दोर बांधायचा, दोराला ट्यूब. भावजी ओढून घेतील."

त्यांनी आपलं विमान काढलं. वेगवान, लाल, देखणं. सुटलं आणि काठापासून थोडं लांब जाताच दोऱ्याला असा हिसका बसला की दोरा तुटला आणि विमान निघून गेलं ते गेलंच.

"माझी म्हैस काढ," ताई मला म्हणाली.

म्हैस म्हणजे ताईचं पिवळं विमान. पंख दाराएवढे, चाकांच्या जागी लाकडी घसरपट्ट्या, वेग असा की बाजूने चालणाऱ्याशी गप्पा मारत जाईल. कापडही तिनेच चढवलं होतं, जुन्या रेनकोटांचं. इतकी मोठी बॅटरी फक्त म्हशीला लागायची आणि माझ्या पोटाशी तशा दोनच होत्या. बाकीच्या सगळ्या डॉक्टरांच्या, चिमुकल्या.

गॅरेजवाल्याने दोरा बर्फावर नागमोडी पसरून ठेवला, म्हणजे सुटताना अडकायला नको. ताईने हातमोजे काढून माझ्याकडे फेकले.

"बोटं गोठतील," मी म्हणालो.

"तुझी तर नाही ना?"

म्हैस घसरली, उठली, दोरा घेऊन निघाली. आणि नेमका तेव्हाच बर्फ पडायला लागला. सुरुवातीला पिसं, मग पडदा. म्हैस पिवळ्या डागासारखी दिसत होती, पण भावजी दिसेनासे झाले. पांढऱ्यात पांढरं. उरला फक्त आवाज.

"उजवं!" आतून आवाज आला. "उजवं घे!"

ताईने रिमोटची काडी डावीकडे दाबली.

"ताई, उजवं म्हणतायत," मी म्हणालो.

"ते आपल्याकडे तोंड करून आहेत. त्यांचं उजवं ते आपलं डावं. आणि ते कधी उलटवून सांगत नाहीत, हे तुला काय मी सांगू?"

"उजवं! अगं उजवं!"

ती आणखी डावीकडे गेली. आवाज इकडे, पिवळा डाग तिकडे. भावजी घसा फोडून ओरडत होते, ताई दात ओठ खात डावं दाबत होती, आणि दोरा भलत्याच बाजूच्या पाण्यात पडत चालला होता. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "वहिनी, ते उलटं करूनच सांगतायत वाटतं."

ताईचा चेहरा पांढरा पडला. झालं होतं असं, की बर्फावर पालथं पडल्यावर भावजींच्या जिभेला उभ्या संसारात पहिल्यांदा शहाणपण सुचलं होतं. आपलं नाही, बायकोचं उजवं सांगायचं, असं ठरवून ते ओरडत होते. आणि ताई ते नेहमीसारखं उलटवून घेत होती. दोघांनी एकाच वेळी एकमेकांचा विचार केला. तो अंगाशी आला.

तिने म्हैस वळवली. येताना वारा समोरून होता, बॅटरी रडायला लागली होती. काठावर घसरपट्ट्या टेकल्या आणि पंखा थांबला. तिकडून पुन्हा तो कापड फाटल्याचा आवाज आला.

"कोपरा गेला!" भावजी ओरडले. आवाज बारीक झाला होता. "अर्ध्यावर आलोय!"

गॅरेजवाल्याने दोरा ओढून पुन्हा पसरला, त्यावरचा बर्फ चिमटीत निपटत. मी शेवटची मोठी बॅटरी काढून दिली. ती ताज्या भाकरीसारखी ऊन होती, हे मी अभिमानाने सांगतो. ताईने ती बसवली, पण लगेच निघाली नाही. क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. मग ओरडली, "अहो! आता डावं नाही, उजवं नाही! काही सांगू नका!"

"मग काय करू?"

"माझ्या तक्रारी करा! मोठ्याने! मी आवाजावर येते. दोरा अंगावर पडला की गप्प बसायचं. त्याआधी थांबायचं नाही!"

"तक्रारी कसल्या?"

"आता लाजू नका!" आणि आमच्याकडे वळून, "तुमच्यापैकी कुणी श्वासही मोठ्याने घेतलात तर बघा."

म्हैस निघाली.

सुरुवातीला काहीच आलं नाही. मग घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग जे सुरू झालं ते ऐकून बर्फही थोडा थांबला असावा. "तुझा चहा! चहा आहे की विसळवणी? माझे चांगले सदरे तू आटवतेस आणि म्हणतेस पोट सुटलं! उशी तुझी दोन, माझी एक! दिवे मी विझवत फिरतो! रात्री शिलाई मशीन! बोलायला लागलो की टीव्हीचा आवाज वाढवतेस!"

ताई डोळे बारीक करून, मान कलती करून ऐकत होती. अंगठा केसभर हलत होता. पिवळा डाग त्या आवाजाकडे सरकत होता.

"आणि तुझा तो भाऊ! दर रविवारी जेवायला येतो तो येतो, वर जाताना डबा भरून नेतो! डबासुद्धा परत आणत नाही!"

आणि इथे माझ्या पोटात कळ आली. लागलं म्हणून नाही हो. गळाठून मी पोट दाबून धरलं होतं आणि डॉक्टरांच्या एका बॅटरीच्या उघड्या तारा स्वेटराच्या पितळी चेनला टेकल्या होत्या. चर्र झालं. मांस भाजल्याचा वास माझा मलाच आला. ओरडलो असतो तर ताईचा कान फिरला असता आणि म्हैसही. मी मफलर तोंडात कोंबला आणि एका पायावर नाचू लागलो. गॅरेजवाल्याला वाटलं, हा रडतोय, किती जीव भावजींवर!

तिकडे भावजींचं सरत आलं होतं. "आणि... आणि मीठ..." आवाज घरंगळला.

"थांबू नका!" ताई ओरडली. "अहो, बोला! कुठे आहात?"

काही नाही. बर्फ पडत होता. ताईची बोटं निळी झाली होती आणि तिने काडी आहे तिथेच धरून ठेवली होती, श्वास धरावा तशी.

"आणि," लांबून आवाज आला, अगदी लांबून, "तू माझ्यापेक्षा चांगलं विमान उडवतेस, ते मला कधीपासून ठाऊ..."

आणि शांतता.

दोरा अंगावर पडला की गप्प बसायचं. पण पाण्यात गेलेला माणूसही गप्पच होतो. ताई एकदा माझ्याकडे बघते, एकदा त्या पांढऱ्यात. मोटार बंद केली तर म्हैस पाण्यात जाणार, दोरा तिथेच खाली पडणार, आणि तिथे भावजी नसले तर दुसरी बॅटरी नाही, दुसरं विमान नाही. या माणसाने आयुष्यात एकदा तरी सांगितल्याबरोबर तोंड मिटलंय, एवढ्याच भरवशावर उडी मारायची होती.

तिने मोटार बंद केली.

पिवळा डाग विझला. गॅरेजवाल्याच्या हातात दोरा होता. तो सैल पडला. तसाच राहिला. मग हलला. वाऱ्याने असेल. मग पुन्हा हलला, आणि पुन्हा, तीन वेळा जोरात, बसमधली घंटी वाजवावी तसा.

पुढचं म्हणजे नुसतं ओढणं. दोऱ्यामागून दोर गेला, दोरामागून ट्यूब. आम्ही चौघं टाचा रोवून खेचत होतो आणि माझ्या स्वेटरातून धूर येत होता. ट्यूब दिसली तेव्हा भावजी तीत बसले होते, कमरेपर्यंत भिजलेले, ओठ जांभळे, चिमणी छातीशी धरलेली.

गाडीत हीटर लावून त्यांना गोधडीत गुंडाळलं. ताईने थर्मासमधून चहा ओतून पुढे धरला. त्यांनी कप दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्याकडे नुसतं बघत बसले.

"विसळवणी आहे," ताई म्हणाली. "प्या."

प्याले. मग म्हणाले, "म्हैस गेली ना?"

"गेली."

"मी बनवून देतो. टेबल मोकळंच आहे."

"शेवटची तक्रार अर्धीच राहिली तुमची."

"कुठली?" भावजी म्हणाले. "चहाची? ती झाली की पूर्ण."

अग्निशमन दलाचा बंब त्यानंतर आला आणि त्यांनी फक्त माझ्या पोटाला मलम लावलं.

पुढच्या हिवाळ्यात नवी म्हैस उडाली. ताई रिमोट घेऊन उभी, मागे भावजी, आणि ताईच्या कोटाच्या पाठीवर चारही कोपऱ्यांना दोऱ्याने पक्की शिवलेली ती बसमधली पाटी. म्हैस वळून आमच्याकडे तोंड करून येऊ लागली. भावजींनी तोंड उघडलं, पाटी वाचली, आणि मिटलं. मला वाटतं त्या थंडीत त्यांना घाम फुटला होता.

डबा मी अजून परत केलेला नाही. आता ताई दोन देते.