मेला की दुसऱ्याचा डाव

मित्रांनो, मी एक जुनी गेमची डिस्क आहे, आणि माझ्या पोटात जेवढ्या मारामाऱ्या आहेत तेवढ्या तुमच्या अख्ख्या शाळेत झाल्या नसतील. माझं नाव ‘रक्तखिंड’. नावावरून ओळखाच, की माझ्यात कुणी बागेत फुलं वेचत बसत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लास्टिक वितळवून साच्यात दाबलं, त्यावर चकचकीत धातूचा थर चढवला आणि माझ्या पाठीवर एक चित्र छापलं. साखळीला बांधलेला काटेरी गोळा गरगर फिरवणारा एक वीर आणि त्याच्यामागे धनुष्य घेतलेली त्याची सखी. खेळणारा तो वीर होतो, गावोगाव हिंडतो, माणसं जोडतो, शत्रू तोडतो. तुम्ही कुणाला मारलंत आणि कुणाला सोडलंत, हे माझ्यातली माणसं शेवटपर्यंत विसरत नाहीत. हा माझा मोठा गुण, आणि तो सांगताना मी मुळीच लाजणार नाही.

दुकानदार मात्र स्पष्ट बोलणारा होता. गिऱ्हाइकाच्या हातात मला देताना म्हणायचा, “गोष्ट अशी आहे की जेवणखाण विसराल. संगीत ऐकून अंगावर काटा येईल. पण कॅमेरा मठ्ठ आहे हो. ऐन लढाईत खांबामागे जाऊन बसतो. नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका.” मला त्याचा राग यायचा. पण खोटं काय होतं त्यात?

एका शिंप्याने मला आपल्या मुलांसाठी नेलं. पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान. मधोमध कापडं बेतायचं टेबल, त्यावर कात्र्या, कोपऱ्यात इस्त्री, फळीवर दोऱ्यांची रिळं आणि बाटल्या. टीव्ही आणि त्याला जोडलेलं गेमचं मशीन कापडाच्या पेटीवर ठेवलेलं. मुलांची आई बस चालवायची, ती संध्याकाळी घरी यायची. तोवर दादा आणि त्याची धाकटी बहीण माझ्या ताब्यात. बहिणीला सगळे गुंडी म्हणायचे, कारण ती लहानपणी शर्टाच्या गुंड्या दातांनी तोडायची. दात तिचे तसेच राहिले. भांडणात दादाने तिची वेणी ओढली, की ती कडकडून चावलीच.

कंट्रोलर एकच होता. म्हणून दोघांनी नियम केला होता, वीर मेला की कंट्रोलर दुसऱ्याला द्यायचा. कसा मेला, का मेला, विचारायचं नाही. या नियमापायी त्या खोलीत किती केस उपटले गेले आणि किती कोपरं बरगड्यांत बसली, ते मला विचारा. शिंपी शिलाईचं मशीन थांबवून ओरडायचा, “गेम टीव्हीत आहे ना? मग माझ्या टेबलाखाली का लढताय?”

माझ्यातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लढाईत सखी कोसळली की तिच्या डोक्यावर एक लाल पट्टी दिसते आणि ती भराभर संपत जाते. पट्टी संपायच्या आत वीराने धावत जाऊन हिरवी बाटली तिच्या ओठाला लावायची. मग ती टुणकन उठते. मोडलेलं हाड जुळतं, कपड्यांवरचं रक्तही नाहीसं होतं. मुलं हे इतक्या वेळा करायची, की त्यांची बोटं न बघता त्या बटणावर जायची.

एका दुपारी दादा शेवटच्या दालनात पोचला. तिथला राक्षस म्हणजे हाडं चावून थुंकणारा धिप्पाड प्राणी. दादाने त्याचा एक हात तोडला, गुडघा फोडला, आता एकच घाव बाकी होता. आणि माझा कॅमेरा खांबामागे गेला. पडद्यावर नुसता दगड. मागून कवटी फुटल्याचा आवाज आला आणि वीराचं मुंडकं घरंगळत पुढे आलं.

“दे,” गुंडी म्हणाली.

“हे धरायचं नाही! खांब आडवा आला, मला दिसलंच नाही!”

“मेला की मेला. दे इकडे.”

“नाही देत, जा!”

गुंडीने त्याच्या मनगटाला दात लावले. दादाने हात हिसडून सोडवला, कंट्रोलरची वायर मुठीत धरली आणि माझ्यातला वीर गोळा फिरवतो तसा कंट्रोलर फिरवला. त्याचा कोपरा तिच्या डोळ्याच्या वर बसला.

माझ्यात असा फटका बसला की ढोल वाजतात. इथे नुसतं ठक् झालं. गुंडी टेबलाच्या पायाशी कोसळली. भुवई उघडी पडली होती, रक्त डोळ्यात भरून गालावरून गळ्यात उतरत होतं. टेबलावरून लोंबणारं गिऱ्हाइकाचं कापडही भिजायला लागलं. ती हलत नव्हती.

शिंपी दाराबाहेरच होता, जिना न चढवणाऱ्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप जिन्यावरच घेत होता. एक हाक पुरली असती. पण दादा माझ्या तालमीत तयार झालेला. त्याने हाक मारली नाही. त्याने फळीकडे पाहिलं. तिथे कापडावरचे डाग काढायचं रसायन होतं, हिरव्यागार बाटलीत.

त्याने झाकण उडवलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटली तिच्या ओठाला लावली. “ऊठ गं गुंडे! लवकर पी, पट्टी संपतेय!”

मित्रांनो, मी गेमच्या मशीनच्या आत गरगर फिरत होते आणि मला काहीही करता येत नव्हतं. इतकी हतबल मी कधी झाले नाही.

रसायन ओठांना झोंबलं तशी गुंडी शुद्धीवर आली. तिने दात घट्ट मिटले. दादा बोटाने ते उघडायला गेला, तेव्हा उरलासुरला जोर एकवटून ती त्याच्या अंगठ्याला चावली. दादा किंचाळला. बाटली फरशीवर फुटली आणि शिंपी धावत आत आला.

वासावरूनच त्याला कळलं. “प्यायली का? बोल, प्यायली का ही?” त्याने दादाला गदागदा हलवलं, भिंतीकडे भिरकावलं आणि गुंडीचं तोंड पाण्याने खळाखळा धुतलं. मग तिला उचलून एकाच पायात चप्पल घालून तो दवाखान्याकडे पळत सुटला. दादा अंगठा धरून फुटलेल्या काचांत बसून राहिला.

डोळा वाचला. भुवईला टाके पडले, ओठ सोलवटले, पण रसायन पोटात गेलं नव्हतं. संध्याकाळी सगळे परतले तेव्हा शिंप्याच्या शर्टाची छाती रक्ताने कडक झाली होती. त्याने मला मशीनमधून ओढून काढलं, टेबलावर उताणं टाकलं आणि मोठी कात्री घेतली. पहिला वार घसरला. टोक माझ्या पोटावरून कडेपर्यंत कर्रकन ओढलं गेलं. त्याने दुसऱ्यांदा हात उचलला.

“बाबा, थांबा!” आईच्या कडेवरून पट्टी बांधलेली गुंडी सुजलेल्या ओठांनी ओरडली. “वीर मेलाय. आता माझा डाव आहे!”

आईला हसू फुटलं आणि त्यातच ती हुंदके देऊन रडायला लागली. शिंपी कात्री हातात घेऊनच खाली बसला. कोपऱ्यातून दादा आला आणि त्याने कंट्रोलर गुंडीच्या हातात दिला.

टाके निघाल्यावर ती खेळायला बसली. सखी कोसळली, लाल पट्टी दिसली, वीर बाटली घेऊन वाकला आणि मी अडकले. कात्रीचा ओरखडा नेमका तिथे होता. दादाने मला अस्तराच्या मऊ कापडाने मधून कडेकडे हळुवार पुसलं. तरी पुन्हा तिथेच. सखी जमिनीवर आणि बाटली तिच्या ओठांपासून बोटभर दूर. दादा त्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिला.

“बाटली चालतच नाहीये,” गुंडी वैतागून म्हणाली. “आता काय करायचं?”

“मग हिला पडूच द्यायचं नाही,” दादा म्हणाला. तो पडद्याकडे बघत नव्हता, तिच्या भुवईकडे बघत होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या डिस्कला गोल गोल घासू नका, ओरखडे पडतात. माझ्यात पोटभर लढा, राक्षसांची खुशाल खांडोळी करा. पण शेजारी बसलेलं माणूस पडलं तर फळीवर काही शोधत बसू नका, गळा फाटेपर्यंत मोठ्या माणसाला हाक मारा. आणि त्याही आधी, हातातला कंट्रोलर देऊन टाका. हरलेला डाव परत खेळता येतो. ती दोघं अजून खेळतात, सखीला आळीपाळीने सांभाळत, आणि इतक्या वर्षांत त्यांनी तिला एकदाही पडू दिलेलं नाही.