बायकोच्या मापाची फरशी

थोरल्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षाची थंडी. शिंप्याने भिंतीतल्या आगटीसमोर जुनी चादर अंथरली आणि बायकोला तिच्यावर आडवी व्हायला सांगितलं.

"डोकं आगटीकडे कर. हं. आता हात वर ताण, आळस देतेस ना, तसा."

ती मुकाट्याने आडवी झाली. शिंप्याने गळ्यातली टेप काढली, गुडघे टेकले आणि तिच्या टाचांपासून बोटांच्या टोकांपर्यंत माप घेतलं. टाचांशी खडूने रेघ मारली.

गवंडी थापी हातात धरून दारात उभा होता. जुन्या फरशीला तडे गेले होते म्हणून त्याला बोलावलं होतं. पण हे काय चाललंय ते त्याला उमगेना.

"शिंपीबुवा, अहो, पुढे हातभर आणि दोन्ही बाजूंना वीतभर दगड पुरतो. माझा बापही तेवढाच घालायचा. ठिणगी त्याच्या पुढे जात नाही."

"ठिणगीचं नाही रे. माणूस पडला तर?"

"माणूस कशाला पडेल?"

शिंप्याने खुंटीवरची बायकोची शाल काढून गवंड्यापुढे धरली. तिची एका बाजूची झालर जळून काळी, कडक झाली होती. गवंड्याने ती बोटांनी चाचपली आणि हात पँटला पुसला.

चादरीवरून बायको म्हणाली, "कोट शिवताय का हो? बाह्या जरा लांब ठेवा. आणि माप नीट घ्या. आमच्या घरातही शिंपी आहेत, ते लगेच चूक काढतात."

गवंडी हसला, पण शिंप्याचा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं. वातावरण हलकं करावं म्हणून तो म्हणाला, "लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. तुम्ही आधी पाय पसरून मग अंथरूण घालताय!"

"घाल बाबा. आणि मापाच्या वर चार बोटं सोड. आमच्यात कापडाला माया ठेवतात तशी."

ती रेघेवर उभी असताना भोवळ येऊन तोंडावर पडली, तरी तिचा हात जाळापर्यंत पोचता कामा नये. शिंप्याचा हिशेब एवढाच होता.

हिशेब करायची वेळ लेकीमुळे आली होती. शाल जळाली त्या आठवड्यात ती आली होती, दोन्ही पोरं दोन्ही खांद्यांवर. "बाबा, आगटी विटा लावून बुजवून टाका. नाहीतर आईला माझ्याकडे द्या," ती म्हणाली होती. तिचं घर म्हणजे दीड खोली. आणि आगटी बुजवली तर या घरात पाण्याची बादलीसुद्धा गोठते. शिवाय बायको दिवसभर या खोलीतून त्या खोलीत काहीतरी हरवल्यासारखी फिरायची. जाळासमोर बसली की तेवढी शांत व्हायची. तिची ती एक जागा आपण काढून घ्यायची? शिंप्याने लेकीला सांगितलं होतं, "एक थंडी बघू." लेक म्हणाली होती, "आणि तिला काही झालं तर?"

गवंड्याने राखी दगड बसवले. अर्धी खोली दगडाची झाली. खडूची रेघ होती तिथे त्याने लाल दगडाची पट्टी घातली आणि पट्टीच्या अलीकडे पुन्हा फळ्यांची जमीन सुरू झाली.

मग शिकवणी सुरू झाली. शिंपी बायकोचा हात धरून तिला पट्टीपर्यंत न्यायचा.

"इथे थांब."

ती थांबली की तो बटणांच्या डब्यातून एक बटण काढून तिच्या तळहातावर ठेवायचा. तिला बटणं फार आवडत. ती उजेडात धरून पाहायची आणि खिशात टाकायची. नाही थांबली, की बटण नाही. पहिले काही दिवस ती सरळ चालत जायची आणि शिंपी तिला कमरेला धरून मागे ओढायचा. तेव्हा ती ओरडायची, "हा कोण माणूस? मला का ओढतो?" तरी त्याची पकड सुटायची नाही.

पुढे पुढे ती पट्टीशी आली की आपणहून थांबू लागली. पाय जुळवायची, तळहात पुढे करायची आणि म्हणायची, "बटण?"

तरी शिंप्याची भीती गेली नाही. लाकूड तडकलं की सुई बोटात घुसायची. मशीन त्याने खिडकीपासून हलवून आगटीकडे तोंड करून मांडलं. परसात लाकडं आणायला गेला, तर अर्धी मोळी वाटेत टाकून धावत परतायचा. गाठीचं लाकूड तो जाळेना, कारण गाठ फुटते. ओलं जाळेना, कारण ते ठिणग्या उडवतं. शेजारीण एकदा म्हणाली, "अहो, इतकं डोळ्यांत तेल घालून जगलात, तर डोळेच जातील." तो हसला. त्याला एकच दिसत होतं: आपली पाठ वळली आहे आणि मागे शालीने पेट घेतला आहे.

स्वतःच्या पडण्याचा विचार त्याने कधी केला नव्हता. त्याचं माप कुणी घेतलंच नव्हतं.

थंडी ओसरायला आली होती. दुपारची वेळ. बायको खिडकीशी बटणं मांडत बसली होती. शिंपी आगटीत एक ओंडका सरकवून उठला, आणि छातीत कुणीतरी कात्री खुपसून फिरवावी तशी कळ आली. पडता पडता त्याने अंग जाळापासून फिरवलं आणि तो फरशीवर पालथा, लांबलचक आदळला. ओंडका हलला. दोन निखारे दगडावर घरंगळत आले, त्याच्या पायाजवळ थांबले आणि हळूहळू काळे पडले.

आवाजाने ती उठली.

त्याला तिची पावलं दिसली. ती त्याच्याकडेच येत होती, भराभर, आणि जळकी शाल खांद्यावरून लोळत होती. तिने तीच हवी म्हणून हट्ट धरला होता. आपल्याला उठवायला ही येणार. दगडावर येणार, वाकणार, शालीचं टोक मागे जाळात पडणार. थांब, असं त्याला म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. त्याने हात पुढे टाकला, तिला अडवायला.

पावलं लाल पट्टीशी आली.

थांबली. जुळली.

"बटण?" ती म्हणाली.

शिंपी तिच्या बोटांकडे पाहत राहिला. अंगठे पट्टीच्या कडेला लागले होते, पुढे सूतभरही नाही. ती खाली बसली. तळहात तसाच पुढे धरलेला.

ती उंचीने त्याच्या खांद्याला लागायची. फरशी तिच्या मापाची होती. त्यामुळे त्याचा हात मनगटापर्यंत पट्टीच्या बाहेर, फळ्यांवर आला होता. त्याने तो कसाबसा उचलला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

तिने तो उलटा करून पाहिला, उजेडात धरला. मग बोटं मिटून घेतली.

"किती गार हात आहे हो तुमचा," ती म्हणाली. "आमच्याकडे आगटी आहे. बसा जरा."

संध्याकाळी लेक आली तेव्हा आगटी विझली होती. आई पट्टीच्या अलीकडे तशीच बसली होती आणि हात सोडायला तयार नव्हती.

शिंपी गेला तो थंडीच्या अखेरच्या आठवड्यात, दुपारी, आगटीपुढे. जुळी शाळेत जाऊ लागली त्या वर्षी त्याची बायकोही गेली, लेकीच्या घरी, अंथरुणात, झोपेत. तिच्या अंगावर भाजल्याची खूण नव्हती.