माझं पोट भरतं तेव्हा

मी शाळेच्या जेवणघराच्या दारातली बादली बोलतेय. उष्ट्याची बादली. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मग मला मध्येच अडवू नका. आधीच माझं डोकं फिरलंय. बादलीला डोकं नसतं हे मलाही ठाऊक आहे, पण ज्यांना आहे ते तरी कुठे वापरतात?

जन्माने मी रंगाची बादली. कारखान्यात साच्यातून बाहेर पडले, पोटात पिवळा रंग भरला गेला आणि वरून झाकण ठोकलं. शाळेचं नवं जेवणघर बांधून झालं, तेव्हा एक रंगारी मला घेऊन आला. माझ्यातल्या रंगाने त्याने भिंतीवर हातभर लांबीच्या केळ्यांचा घड काढला. शेजारी गाजरं, पालेभाजी, दुधाचा पेला, अंडं. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'पौष्टिक खा, सुदृढ व्हा.' रंगारी मन लावून काम करणारा. केळ्यांवरचे तपकिरी ठिपकेही त्याने सोडले नाहीत. पहिल्याच दिवशी एका छोट्याने कोणी बघत नाही असं पाहून त्यातलं एक केळं चाटलं, तोंड वाकडं केलं आणि धूम ठोकली.

रंग संपला, रंगारी गेला, मी राहिले. वाढणाऱ्या मावशींनी मला घासूनपुसून दाराशी ठेवलं.

"दणकट आहे. उष्टं टाकायला होईल," त्या म्हणाल्या.

मला वाईट वाटलं नाही. मुलांची शाळा, धावणारी-खेळणारी पोरं, उरून उरून उरणार ते काय? एखादी मिरची, एखादा खडा. बसू निवांत, असं मी मनाशी म्हटलं.

कसलं निवांत आणि कसलं काय!

स्वयंपाक शाळेत होत नसे. तो कुठेतरी लांब, एका मोठ्या स्वयंपाकघरात पहाटे व्हायचा आणि गाडीतून यायचा. गाडी सगळ्या शाळा करत करत शेवटी आमच्या दारात. तोवर झाकणाखाली घामेजलेल्या भाताचे गोळे झालेले असायचे आणि डाळीला आंबूस वास सुटलेला असायचा. भाजी म्हणजे बटाटा. काल बटाटा, आज बटाटा, उद्या बदल म्हणून बटाटा. मावशींनी भातात डाव घातला की नांगरलेल्या शेतातून निघावं तसं ढेकूळ वर यायचं.

मुलं रांगेत बसायची. दोन घास चिवडायची, एकमेकांकडे बघायची आणि उठून माझ्याकडे यायची. थप्प. थप्प. थप्प. अख्ख्या शाळेत पोटभर जेवणारी मी एकटी. माझं पोट तट्ट फुगलेलं आणि मुलांच्या गालांना खळगे. दुपारच्या तासाला निम्मा वर्ग बाकावर डोकं टेकून असायचा. कुणाच्या ओठांचे कोपरे फाटलेले, कुणाला जिना चढताना धाप. हे मला दारातून दिसायचं, आणि मी काही शिकले-सवरलेली नव्हे.

मोठी माणसं माझ्यासमोर थांबायची, नाही असं नाही. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, मला बघून सुस्कारा टाकायच्या. "हल्लीच्या मुलांना अन्नाची किंमतच नाही." खेळाचे सर म्हणायचे, "घरून चटरमटर खाऊन येतात, मग इथे कशी भूक लागेल?" गाडीवाला तर हात झटकून मोकळा. "सगळ्या शाळांत हेच जातं. तुमच्याच पोरांना शिंगं फुटलीत का?"

बघायचे मला आणि बोलायचे मुलांबद्दल. अरे, एकदा तरी खाली वाका की! वास घ्या! नाकं काय फक्त मुरडायला दिलीत?

त्या मुलांत एक होती टिटवी. खरं नाव कुणी घेत नसे. आवाज असा की पाढे म्हणायला लागली की रस्त्यावरचा माणूस थबकायचा. आई इस्त्रीच्या दुकानात कामाला, सकाळी मुलगी उठायच्या आत घराबाहेर. टिटवी स्वतःची वेणी स्वतः घालून यायची, म्हणून ती नेहमी एका बाजूला कललेली.

मी भरते म्हणून एक दिवस नियम निघाला. ताट स्वच्छ केल्याशिवाय उठायचं नाही. खेळाचे सर हाताची घडी घालून माझ्याशेजारी पहारेकऱ्यासारखे उभे राहिले. टिटवीने डोळे मिटून आंबलेला डाळभात कसाबसा गिळला, उठली, माझ्यापर्यंत आली आणि तिथेच भडभडून ओकली. मुलं हसली. सर ओरडले. तिने तोंड पुसलं आणि कुणाकडेही न बघता नळावर गेली. नियम तसाच राहिला, पण सरांची पाठ वळली की ताटं पुन्हा माझ्यातच रिकामी व्हायची.

त्यानंतर टिटवी मावशींना म्हणायची, "चमचाभरच वाढा."

"अगं, एवढ्याने काय होणार?"

"मी घरून जेवून आलेय."

हळूहळू तिचा आवाज बसत गेला. पाढे म्हणणाऱ्या वर्गातून तो वेगळा ऐकू येईनासा झाला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मुलगी शांत झाली की शाळेला बरंच वाटतं.

मग एका दुपारी ती हात धुवायच्या रांगेत उभी असताना कोसळली. तिचं कोपर माझ्या काठावर आदळलं, मी कलंडले, आणि डाळभाताचा लोंढा जेवणघरभर पसरला. त्या चिखलात ती पडली होती, पांढरीफटक. मावशींनी तिला उचलून छातीशी धरलं. सर पाणी आणायला धावले. ते पळताना रडवेले झाले होते. माणूस वाईट नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी टिटवीची आई आली. बोटांवर इस्त्रीचे चटके, साडीचा पदर खोचलेला. मोठ्या बाई तिला दारातच भेटल्या, माझ्या अगदी जवळ.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"अंगात रक्त नाही म्हणाले. मुलगी जेवते का, असं विचारलं. मी म्हटलं, दुपारी शाळेत पोटभर जेवते. रोज विचारते मी तिला. रोज सांगते, जेवले म्हणून."

"इथे तर आम्ही सगळ्यांना वाढतो. घरीच काही कमी पडत असेल."

आई म्हणाली, "घरी कमी पडतंच, बाई. म्हणून तर दुपारच्या जेवणावर भरवसा ठेवला."

तेवढ्यात आईची नजर माझ्यावर पडली.

"हे काय?"

"उष्टं."

"एवढं?"

आणि ती वाकली. इतक्या काळात माझ्यावर वाकलेलं ते पहिलं माणूस. तिने वास घेतला, भाताचा एक गोळा उचलून बोटांत दाबून पाहिला. तो फुटेना.

"हे उष्टं नाही, बाई," ती म्हणाली. "याला कुणी तोंडच लावलेलं नाही. तुम्ही जेवलात का कधी इथलं?"

"माझा डबा असतो."

"मग आज इथे जेवा."

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बाईंना रागावून सुटता आलं असतं. बाईंचे कान लाल झाले. त्या तरातरा आत गेल्या, मुलांच्या रांगेत बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, वाढा."

पहिला घास त्यांनी चावला. दुसऱ्याला पाणी प्यायल्या. तिसऱ्याला शेजारच्या पोराने अगदी मायेने सांगितलं, "बाई, नाक दाबून गिळायचं. मग कळत नाही."

बाई ताट घेऊन उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सगळी शाळा बघत होती. नियम त्यांचाच होता ना! त्या परत जागेवर गेल्या आणि शेवटच्या शितापर्यंत जेवल्या. दुपारभर त्यांच्या पोटात आग पडली होती, मावशींनी दोनदा गार दूध नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज मुलांबरोबर जेवू लागल्या. हट्टाने की लाजेने, ते मी सांगू शकत नाही. पण फोनवरची भाषा बदलली. आधी म्हणायच्या, "मुलं थांबलीत, बघा जरा." आता म्हणू लागल्या, "अहो, मी जेवायला बसलेय! गाडी कुठे आहे तुमची?"

आणि काय चमत्कार! गाडी आमच्याकडे पहिली येऊ लागली. भात मोकळा, डाळीला वाफ. बटाट्याच्या जोडीला पालेभाजी आली, मग कडधान्य, मग अंडंसुद्धा. शेकडो मुलांची भूक जे करू शकली नाही, ते एका मोठ्या माणसाच्या जळजळीने करून दाखवलं. मला आनंद झाला आणि संतापही आला, दोन्ही एकदम. त्यात आणखी एक विचार पोखरत राहिला. आमचा नंबर पहिला लागला, म्हणजे कुठली तरी दुसरी शाळा शेवटची झाली. तिथल्या बादलीचं काय चाललं असेल?

पण आमच्याकडे खरंच फरक पडला. टिटवी एका दिवसात काही टुणटुणीत झाली नाही, रक्त असं नळाच्या पाण्यासारखं भरत नाही. पण एकदा तिने ताट वर धरलं आणि ओरडली, "मावशी, अजून डाळ!" छपरावरची कबुतरं उडाली. मावशी हसता हसता डोळे पुसत होत्या. मी त्या काळात जवळजवळ रिकामी असायची. इतकं हलकं वाटायचं की वाऱ्याने गडगडत अंगणात जायची आणि पोरं मला पकडायला धावायची.

मग मोठ्या बाईंची बदली झाली.

नव्या मॅडम टापटिपीच्या. आल्या आल्या त्यांनी मला दारामागे सरकवलं. "पाहुणे आले की वास येतो." त्या स्वतःच्या खोलीत डबा खातात. गाडीवाला हुशार, मॅडमचं पोट त्याच्या गाडीवर अवलंबून नाही हे त्याला लगेच कळलं. आधी गाडी थोडी उशिरा आली, मग बरीच उशिरा. पालेभाजी आटली, अंडी गायब, बटाटा मात्र परतला. मी पुन्हा भरू लागले. भरून सांडू लागले.

यावर मॅडमनी उपाय काढला. ऐका हं. त्यांनी मोठी बादली आणली! झाकणाची, पायाने दाबून उघडायची. अन्न सुधारलं नाही, बादली सुधारली. हे पाहून मी तडकले. खरंच तडकले, काठापासून मध्यापर्यंत. आता माझ्यात फरशी पुसायचं फडकं पडलेलं असतं आणि मी कोपऱ्यातून बघत असते.

आज दुपारी टिटवीची आई आली. मॅडमच्या खोलीत गेलीच नाही. सरळ जेवणघरात शिरली आणि लेकीच्या शेजारी मांडी घालून बसली. तिच्यामागून एक आजोबा आले, एका मुलाचे बाबा आले. तेही बसले.

मॅडम धावत आल्या. "अहो, पालकांना इथे बसायची परवानगी नाही!"

"पोरांना जेवायची आहे ना?" आई म्हणाली. "मग आम्ही त्यांच्याबरोबर जेवतो. मावशी, वाढा."

मावशींनी मॅडमकडे पाहिलं. मग डाव उचलला आणि वाढलं, आईला, आजोबांना, बाबांना. शेवटी आणखी एक ताट वाढून त्यांनी ते मॅडमसमोर धरलं. मॅडमनी अजून ते हातात घेतलेलं नाही. मावशींनीही हात खाली घेतलेला नाही.

मला हात जोडायला हात नाहीत, गोड बोलायची सवयही नाही. एवढंच सांगते. तुमचं मूल रोज घरी येऊन म्हणतं ना, "जेवलो"? एकदा दुपारी न सांगता जा. कुणाशी काही बोलण्याआधी बादलीवर वाका.