घोडीचं औषध

मोताळ्याच्या हिंमतरावांनी आईवर मोठे उपकार केले. घरात इंजिनावरची पिठाची चक्की आणली आणि जातं बंद केलं. "हिंमतरावाची माय दळते म्हंजे गावात काय इज्जत राह्यली?" जात्याची वरची तळी गोठ्यात गेली. तिच्या भोकात दोर ओवून हिंमतरावांची मळ्यात जायची घोडी बांधली.

आई अंबूबाई बावन्न वर्षांच्या. डोईवर दोन घागरी घेऊन, हात मोकळे सोडून चालणारी बाई. तिला बाजेवर बसवली. वर्षभरात मांड्या शेवयांसारख्या झाल्या. पाळी गेल्यापासून अंगातून वाफा निघत, डोळ्याला डोळा लागत नसे. एक दिवस त्या सपाट ओसरीवर पडल्या. लेकानं तातडीनं इलाज केला: काठी आणली.

मग अकोल्याचा डॉक्टर आला. "पाळी जाते तसा अंगातला एक रस आटतो. हे इंजेक्शन त्याच रसाचं. वाफा थांबतील, झोप लागेल. पण पाय इंजेक्शनानं घट्ट होत नाहीत. त्यांना काम द्या, वजन उचलू द्या."

हिंमतरावांनी इंजेक्शनापर्यंतचं ऐकलं. मोठी माणसं तेवढंच ऐकतात.

"काहाचं व्हय हे?" अंबूबाईंनी विचारलं.

"गाभण घोडीच्या मुतातून काढतात," डॉक्टर चाचरला.

"असं! घोडी रोज मळ्यात दौडते, म्हून तिच्या मुतातही गुण. अन् मी ओसरी उतरली का घराण्याची इज्जत जाते!"

वाफा खरंच थांबल्या. झोप लागली. पाय मात्र तसेच. आणि झोप झालेल्या बाईचं डोकं चालतं.

दुपारी लेक चावडीवर शहाणपण वाटायला गेला की अंबूबाई काठी टेकत गोठ्यात जात आणि जात्याची तळी घराकडं ढकलत. पहिल्या दिवशी तळी नुसती हलली. मग वीतभर सरकली, मग हातभर. दिवाळीपर्यंत काठी नुसती कुत्र्याला हाकायला उरली.

"ही घोडी काऊन रोज घराकडं सरकून राह्यली बे?" हिंमतरावांनी गड्याला विचारलं.

"तिले भाकरीचा वास येत असन, मालक," गडी म्हणाला. अंबूबाईंना दोर रोज तोच सैल करून द्यायचा.

एका सकाळी घरघर ऐकून हिंमतराव धावत आले. अंबूबाई ज्वारी दळत होत्या.

"माय! घोडी कुठी हाये?"

"सोडून देली. आता मळ्यात पायी जात जाय, बाप्पा. बाजेवर बसून मांड्या जातात. मले इचार!"