सूर्यभानची माय

सरकारनं पार्बताबाईला मेल्या नवऱ्याची विधवासुद्धा राहू दिलं नाही. बिनलग्नाची करून टाकली, अन् तीही पक्क्या शाईनं!

तिचा नवरा एलिचपूरच्या पलटणीत शिपाई. सत्तावन्नच्या दंग्यात मांडीत गोळी घेऊन तिवश्याला परतला, तेव्हापासून घरी बसून अर्धा पगार घेत होता. चौसष्टच्या पोळ्यानंतर तीच जखम चिघळली अन् माणूस गेला. जखमेनं मेलास तर वारसाला पेन्शन चालू राहील, असं भरतीच्या वेळी पलटणीच्या साहेबानं सांगितलेलं. अन् नड तर आताच होती. कापसाचा भाव आभाळाला भिडला म्हणून गावानं ज्वारी पेरणं सोडलं, अन् दिवसभर दुसऱ्याचा कापूस वेचून एका वेळची भाकर होईना.

अमरावतीच्या कचेरीत तिची ही चौथी खेप. आवारात कापसाच्या गाड्या उभ्या. केशवराव कारकुनाचा एक डोळा वहीवर, दुसरा गाड्यांवर. त्याचाही सौदा लागलेला होता.

"बाई, वारस म्हणून सूर्यभान लिहिलाय. त्याला घेऊन या."

"तो दोन वर्साचा असतानाच पटकीनं गेला. तीन खेपा तेच सांगून राहिली मी."

"मग वारस मेला. प्रकरण संपलं."

"अन् मी? मी का त्याईची शेजारीण हाव?"

"तुमचं नाव कुठे आहे यात?"

कुठून असणार? भरतीच्या दिवशी विचारलं, घरी कोण? आता आमच्याकडे नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेतो का? तो लाजत म्हणाला, सूर्यभानची माय. लिहिणाऱ्यानं माय गाळली, सूर्यभान ठेवला. घरी येऊन नवऱ्यानंच हे हसत हसत सांगितलं होतं.

मागच्या खेपेला केशवरावानं वंशावळ मागितली, म्हणून तिनं भाटाला पायलीभर ज्वारी मोजून ती लिहवून आणली होती. तिनं कागद पुढं केला. सात पिढ्या. खाली चंद्रभान, त्याखाली सूर्यभान.

"यात तर एकही बाई नाही!"

"भाट बायाईचे नावं लिहीतच नाही."

"वा! सात पिढ्या बायकांवाचूनच झाल्या म्हणायच्या. बरं, जबानीसाठी नवऱ्याचं नाव तरी सांगा, स्वतःच्या तोंडानं."

अठरा वर्षांच्या संसारात ते नाव ओठांवर आलं नव्हतं. तेरवीलासुद्धा दिरानंच घेतलं.

केशवराव वही मिटू लागला. "नवऱ्याचं नाव ठाऊक नाही, अन् म्हणे बायको!"

तिनं वहीवर हात आपटला.

"चंद्रभान!" गाडीवान वळून पाहू लागले. "चंद्रभान, चंद्रभान! घेतलं नाव. आता तुमी लिव्हा. बापाचं नाव तुमच्यापाशी हाये, लेकराचं हाये. मंग ते लेकरू नऊ महिने पोटात कोणं वागवलं? भाटानं, का तुमच्या साहेबानं? सांगा, केशवराव! आयकल्याबिगर मी इथून उठत नाही."