अडीच तासांवरची लेक

"बाबा, पोचले हं मी. आत्ताच उतरले."

चार वर्षांपूर्वी फोनवर ऐकलेला लेकीचा आवाज. धाप लागलेला, मागे माणसांचा कालवा. शिंपीमास्तरांनी मशीनवर पाय ठेवला की तो आवाज अजून कानाशी येई, आणि त्याच्या पाठोपाठ स्वतःचं उत्तर, "आता आठवण झाली होय?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवून दिला होता.

जाताना तिने दिलेला प्रवासाचा कागद मशीनसमोर टाचणीने टोचलेला होता. निघणार दहा दहा, पोचणार बारा चाळीस. अंतर सहा हजार सातशे किलोमीटर. त्या दिवशी पाऊणपासून मास्तर फोन पुढ्यात घेऊन बसले. जेवले नाहीत. एका कोटाला अस्तर उलटं लावलं, उसवलं, पुन्हा उलटंच लावलं. फोन वाजला तेव्हा सव्वासहा झाले होते.

साडेपाच तास पोरीला बाप आठवला नाही! हा सल त्यांनी दुहेरी दोऱ्याने आत शिवून टाकला. नंतर फोन होत राहिले. ती दर सुट्टीला विचारी, "येऊ का बाबा?" हे म्हणत, "तुझं तू बघ." अडीच तासांवर तर आहे, तेवढ्यात एक शर्ट शिवून होतो. यायचंच असेल तर विचारते कशाला? लेक गेली दूर, आणि दूर गेली म्हणायचीही चोरी.

आज दुपारी शाळेतल्या बाई सैल झालेलं जाकीट आत घ्यायला आल्या. बाही टाचून होईपर्यंत हलायची सोय नव्हती, म्हणून समोरचा कागद वाचत उभ्या राहिल्या.

"मास्तर, लेक विमानाने गेली की तोफेच्या गोळ्याने?"

"का हो?"

"जवळजवळ सात हजार किलोमीटर अडीच तासांत?"

"छापलंय ना तसं."

"अहो, निघायची वेळ आपल्या घड्याळाची, पोचायची तिथल्या घड्याळाची. ते साडेपाच तास मागे आहे ना आपल्या?"

ते मास्तरांना ठाऊक होतं. इकडे दुपार तेव्हा तिकडे सकाळ, रोजचंच. पण ही बाजू त्या कागदाला जोडून पाहायचं चार वर्षांत सुचलं नव्हतं.

"म्हणजे आठ तास," ते म्हणाले. दहा दहापासून बोटांवर मोजत गेले. सहा दहा. सव्वासहाला फोन.

"मास्तर, टाचणी टोचतेय!"

"बाई, जाकीट उद्या न्या."

बाई गेल्यावर त्यांनी मशीनचा दिवा मालवला आणि फोन लावला.

"बाबा? या वेळी? बरं आहे ना सगळं?"

"त्या दिवशी तू उतरल्या उतरल्याच फोन केला होतास."

"हो. बॅगसुद्धा हातात आली नव्हती."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही रागावला होतात. मला वाटलं, मी गेले म्हणूनच."

मास्तरांच्या चिमटीत खडूचा भुगा झाला.

"मला करमत नाही गं तुझ्याशिवाय," ते म्हणाले. "ये."