फळ्यावरचं आणि वहीतलं

इस्पितळात मला सगळे मास्तर म्हणत. मी शाळेत कधीच शिकवलं नाही. माझ्याकडे तिथल्या नेटवर्कची देखभाल होती. पण नवीन माणूस कामाला लागला की त्याला समोर बसवून सगळं मुळापासून समजावून सांगायची मला भारी हौस. ऐकणाऱ्याला जांभई आली तरी मी थांबत नसे, हेही खरं.

चिठ्ठीबाईला मात्र कधी जांभई आली नाही. ती माझी सहाय्यक. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची, म्हणून हे नाव पडलं. पहिल्या दिवशी मी तिला स्विच दाखवला. सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात ती पेटी. म्हटलं, "हिची आठवण दोन जागी असते. एक फळा, एक वही. आपण हुकूम दिला की तो फळ्यावर उमटतो आणि पेटी लगेच तसं वागायला लागते. पण सेव्ह करून वहीत उतरवला नाही, तर पेटी बंद होऊन पुन्हा सुरू झाली की फळा कोरा. मग वहीत असेल तेवढंच खरं."

"आणि फळ्यावर दुसऱ्याच कुणी लिहून ठेवलं असेल तर?" तिने विचारलं.

"तर आपण ते वहीत उतरवायचं नाही. ज्याचं त्याला विचारायचं. कुणीच माझं म्हणालं नाही, तर पुसू द्यायचं."

हा नियम माझाच. पूर्वी एकाने दुसऱ्याचा अर्धवट प्रयोग न विचारता सेव्ह केला होता आणि दोन दिवस सगळी इमारत मुकी झाली होती. चिठ्ठीबाईने नियम लिहून घेतला. ती सगळंच लिहून घ्यायची.

सहा वर्षं ती कंत्राटावर होती. माझ्या निवृत्तीला चार महिने उरले, तेव्हा मोठ्या साहेबांनी तोंडी सांगितलं की माझी जागा तिला, आणि पक्की नोकरी. फक्त सही राहिली होती.

मुख्य स्विचचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं होतं. बाहेरचे पेशंट नसतात म्हणून रविवारची सकाळ ठरवली. काम तिच्याकडे सोपवलं, कारण पुढे तिलाच करायचं होतं. मी घरी भाचीला अपूर्णांक शिकवत होतो. कागदाच्या गोलाचे आठ तुकडे करून ती आपणहून म्हणाली, "मामा, यातले दोन म्हणजे पावच की." मला इतका आनंद झाला, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"मास्तर, सगळी तयारी झालीय. पण रिस्टार्टच्या आधी पेटी विचारतेय, फळ्यावर काहीतरी नवं आहे, सेव्ह करू का. मी तर काही केलेलं नाही. तुम्ही केलंय का?"

"मी कशाला करीन?"

"जरा आठवून बघा ना. कधी घाईगडबडीत..."

"अगं, एकतीस वर्षं हेच करतोय मी. नाही म्हटलं ना. सेव्ह करू नकोस, पुढे चल."

मग "बरं" म्हणून तिने फोन ठेवला.

अडीच वाजता साहेबांचा फोन. प्रयोगशाळेतून एकही रिपोर्ट वॉर्डात पोचत नव्हता. वॉर्डबॉय कागद घेऊन जिने चढत-उतरत होते, आणि एक ऑपरेशन रक्ताच्या रिपोर्टासाठी अडून राहिलं होतं. मी रिक्षाने पोचलो. चिठ्ठीबाईने वायरी बदलून पाहिल्या होत्या. नवं सॉफ्टवेअर बिघडलं असेल असं वाटून जुनं परत चढवून पाहिलं होतं.

मी कीबोर्ड ओढला. स्विचमध्ये वायरींचे वर्ग पाडलेले असतात. एका वर्गातलं बोलणं दुसऱ्या वर्गात ऐकू जात नाही. प्रयोगशाळेच्या वायरी चुकीच्या वर्गात बसल्या होत्या. मी दोन ओळी टाइप केल्या आणि रिपोर्ट धडाधड जायला लागले.

"मास्तर आले म्हणून निभावलं," साहेब म्हणाले.

त्या दोन ओळी मला शोधाव्या लागल्या नव्हत्या. बोटांना त्या पाठ होत्या. चार महिन्यांपूर्वी प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर हलवली, तेव्हा मीच त्या टाइप केल्या होत्या. तेव्हा कुणीतरी हाक मारली आणि मी सेव्ह न करता उठलो होतो. हे सगळं मला त्या खुर्चीतच आठवलं. या वेळी मी सेव्ह केलं, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

मंगळवारी चौकशी झाली. साहेबांनी तिला विचारलं, "न सेव्ह करता रिस्टार्ट का केलं? कुणाला विचारलं होतं?"

"मास्तरांना," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं.

साहेबांनीही पाहिलं. मी म्हणालो, "फोन आला होता. पण मी घरच्या गडबडीत होतो. नेमकं काय विचारलं, ते आता लक्षात नाही."

चिठ्ठीबाईने मान खाली घातली. शुक्रवारी तिने राजीनामा दिला. मला निरोपाला शाल मिळाली, आणि बेदाग कारकीर्द म्हणून भाषण झालं.

दीड वर्षाने एकदा बायको म्हणाली, "रोज जेवताना ताटात काय शोधता हो? मीठ कमी पडतं का?" मी तिला सगळं सांगितलं. तिने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मला सांगून काय होणार? मी का साहेब आहे?"

मी साहेबांना पत्र लिहून स्वतः नेऊन दिलं. त्यांनी वाचून घडी घातली. "मास्तर, ती जागा केव्हाच भरली. बैल गेला आणि झोपा केला, यातला प्रकार झाला हा."

मग मी तिला शोधत गेलो. ती आता एका ठेकेदाराकडे होती. एका नव्या ऑफिसात शिडीवर चढून छतातून वायरी ओढत होती. मला पाहून खाली उतरली आणि हात पुसले. मी सांगितलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "शेवटचा बदल कुणाचा ते पडद्यावर येतं ना. तुमचं नाव होतं. म्हणून तर फोन केला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विसरलात, असं तुम्हाला मी सांगायचं? वाटलं, विचारलं की आठवेल. पुन्हा विचारलं, तर तुम्ही चिडलात. मग मलाच वाटलं, नाव असलं तरी तुम्हाला ते ठेवायचं नसेल."

"आणि चौकशीत?"

"रिस्टार्टनंतर ते पुसलं गेलं होतं. माझ्याकडे होतं ते माझ्याच हाताने लिहिलेलं. ते कोण मानणार? तुम्ही बोलला असतात तर मानलं असतं." तिने वायरीचं टोक उचललं. "तीन दिवस थांबले मी, मास्तर. पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने सारखी तुमच्या टेबलावरून जायचे. म्हटलं, आज उठतील आणि साहेबांकडे जातील."

"माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "आईला अजून वाटतं, माझ्या हातून कुणा पेशंटचं बरंवाईट झालं. मी सांगते, तर म्हणते, मग नोकरी सोडलीस कशाला? तुम्ही सांगाल का तिला?"

पत्ता घेऊन मी तिथूनच गेलो. दार आईने उघडलं. मी कोण ते सांगताच त्यांनी पदर सावरला. "या ना मास्तर. पोरगी तुमचं नाव फार आदराने घेते."

खुर्चीत टेकून मी पहिल्यापासून सांगितलं. पेटी, फळा, वही, फोन, चौकशी. माझं नाव जिथे येतं तिथे जीभ अडखळत होती. त्यांनी कपाळाला आठ्या घालून ऐकलं आणि म्हणाल्या, "मला नीट कळलं नाही. चूक कुणाची म्हणालात?"

मी पुन्हा सांगितलं.